घंगाळातला सप्ता

नाशकात पहिला स्पा कुठे निघाला असं विचारलं तर लोक कॉलेज रोडकडे बोट दाखवतात. दाखवू द्या. पहिला स्पा मखमलाबादच्या वाटेवर, झेंडूच्या वावराच्या कडेला, आमच्या सारवलेल्या अंगणात निघाला, आणि तो मी काढला. सात दिवस चालला. त्यासाठी चांदवडहून टेम्पो भरून बायका आल्या. यातलं एक अक्षर खोटं नाही. एखादा काना, एखादी वेलांटी माझ्या पदरची असेल, तेवढी सोडून द्यावी.

तसा त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकात, आमच्याकडे एक स्पा होता, पण तो बैलांचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असायची. आई गरम पाण्यानं बैलांचे खांदे शेकायची, मग हळद आणि तूप लावून इतक्या मायेनं चोळायची की आमचा पांढरा बैल उभ्या उभ्या घोरायला लागायचा. त्याचं घोरणं थेट गोदाकाठी ऐकू जायचं. त्या घरात वर्षातून एकदा का होईना, बैलाला सुट्टी होती. आईला नव्हती. उजाडता उजाडता ती वावरात शिरायची, पाट्या भरून फुलं खुडायची, ती घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात जायची, परत आली की घरचं, दुपारी हार ओवणं, उन्हं कलली की पुन्हा वावर. आई स्वस्थ बसलेली मी दोनदाच पाहिली होती. एकदा एसटीत आणि एकदा फोटो काढताना. फोटोतही ती अर्धी उठलेलीच दिसते.

आणि तिचे हात. झेंडू खुडून खुडून उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालं होतं. दोऱ्यानं तर्जनीवर अशी खाच पडली होती की सुई ठेवली तर घरंगळायची नाही. हाताला झेंडूचा कडवट वास असायचा, तो साबणाला भीक घालायचा नाही. टाचांचं तर बोलूच नये. एका भेगेत माझी कानातली रिंग पडली ती आठवड्यानं सापडली. बरं, आठवड्यानं नाही, संध्याकाळी सापडली, पण पडली होती.

दहावी-बारावीच्या भानगडीतून सुटल्यावर मी शहरात पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स केला. आमच्या शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा एका गुळगुळीत मासिकातलं चित्र दाखवलं. एक बाई पालथी पडलेली, पाठीवर ओळीनं काळे दगड, आणि चेहऱ्यावर अशी शांती की जणू पोरंबाळं सगळी मार्गी लागली. मॅडम म्हणाल्या, याला स्पा म्हणतात. मी घरी येऊन आईला सांगितलं.

आई हार ओवत होती. वर न बघता म्हणाली, "पाठीवर दगड ठिवायला एवढ्या लांब कशाला जायचं? तुझ्या बापाच्या संसारात रोजचेच हायेत."

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते शेजारीच बिडी ओढत बसले होते. त्यांनी धूर दुसरीकडे सोडला.

पुढे माझं लग्न ठरायला लागलं. स्थळ गंगापूर रोडचं, बंगल्यातलं. मंडळी बघायला आली तेव्हा आई आतबाहेर करत होती, डोक्यावर पदर आणि पदराच्या टोकात हात गुंडाळलेले. तिनं पोह्यांचा ट्रे ठेवला तशी मुलाची मावशी तिला म्हणाली, "बाई, जरा पाणी आणा हो. आणि मुलीच्या आईंना बाहेर बोलवा की. ओळख होऊ दे."

आईनं पाणी आणून दिलं. "बोलावते हां," म्हणाली. आत गेली ती गेली. मंडळी उठेपर्यंत बाहेर आलीच नाही. अण्णांनी दोनदा सांगितलं की ती जरा कामात आहे, आणि तेवढं मात्र खरंच होतं. मला तोंड उघडायचं होतं, पण बघायच्या कार्यक्रमात मुलीनं तोंड उघडायचं ते चहा पिण्यापुरतं.

त्यांचा होकार आला. साखरपुडा आमच्याच अंगणात, पुढच्या रविवारी. आई खूश होती. भाकरी थापता थापता सहज म्हणाल्यासारखी म्हणाली, "विहीणबाईला हळदीकुंकू तुझी काकू लावंल. मी आतलं बघते."

"काकू का? तू आई आहेस ना माझी?"

"हात बघ हे." तिनं पिठाचे हात पुढे केले. "एवढ्या गोऱ्या कपाळावर ह्या हातानं कुंकू लावू? लोकं म्हणतील मोलकरणीची पोर केली."

हसत म्हणाली. आई वाईट गोष्टी नेहमी हसतच बोलायची, म्हणून त्या लवकर कळायच्या नाहीत. ही कळली. मी ठरवून टाकलं: आईशिवाय मी पाटावर बसायची नाही, आणि रविवारपर्यंत हे हात असे करीन की विहीणबाईच पदराआड हात लपवतील. तीन महिन्यांचा कोर्स केला होता. भिंतीवर सर्टिफिकेटची फ्रेम होती. अंगात मस्ती कमी नव्हती.

सोमवार धरला. त्या दिवशी फुलं अण्णांनी बाजारात न्यायची, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मुलतानी माती, मसुरीचं पीठ, गुलाबपाणी, टाचांसाठी आमसुलाचं तेल, त्या घासायला वजरी, सगळं जमवलं. पिंपळगावहून मामांनी पाठवलेली द्राक्षं होती, त्यातली निम्मी चेहऱ्याच्या लेपासाठी बाजूला काढली. आता हातपाय बुडवून बसायला मोठं भांडं हवं होतं. तसं तांब्याचं घंगाळ आमच्या खानदानात एकच, अण्णांच्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आत्याकडे, चांदवडला. लहानपणी मी त्यात पोहले आहे. विश्वास बसत नसेल तर घंगाळ दाखवते.

आत्याकडे फोन नव्हता. तिच्या शेजारच्या किराणा दुकानात होता. मी कोपऱ्यावरच्या रुपयाच्या डब्यातून फोन लावला. लाईनीत असा खरखराट की चांदवडच्या घाटात कुणी खडी फोडतंय.

"आत्याला निरोप द्या," मी ओरडले, "सोमवारी आमच्या घरी आईसाठी स्पा ठेवलाय. घंगाळ पाठवून दे म्हणावं."

"काय ठिवलाय?"

"स्पा! स्पा!"

"सप्ता?"

डबा टूं टूं करायला लागला होता, दुसरा रुपया जवळ नव्हता. मी म्हटलं, "हां, तेच. घंगाळ मोठं लागेल."

"लागंलच की," दुकानदार म्हणाला. "सांगतो. रामकृष्ण हरी."

फोन ठेवताना हा माणूस रामकृष्ण हरी का म्हणाला, एवढं जरी मी थांबून मनाशी विचारलं असतं, तरी पुढचं काही झालं नसतं. मी विचारलं नाही.

सोमवारी सकाळी नऊला आईला अंगणातल्या बाजेवर बसवलं. घंगाळाचा पत्ता नव्हता म्हणून बादलीत कोमट पाणी घेतलं, मीठ टाकलं, झेंडूच्या पाकळ्या पसरल्या. आईनं पाकळ्या बघितल्या.

"ही फुलं हाराला गेली असती."

"आई, गप्प बस. डोळे मीट." मी तिच्या डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या.

"खायची वस्तू डोळ्यावर?" तिनं एक चकती उचलून तोंडात टाकली. दुसरी मी वेळेवर धरली.

पहिल्या चार मिनिटांत ती एकदा दूधवाल्यासाठी उठली, एकदा कोंबडी हाकलायला आणि एकदा, तिच्याच शब्दांत, "सहज". लेप लावला तर तशीच उठून चुलीवरचं बघायला गेली, वाफेनं अर्धा लेप ओघळला. मी पुन्हा धरून आणली. म्हणाली, "पोरी, मला काय पोळ्याचा बैल समजतीस?"

"बैल तरी उभा राहायचा गं," मी म्हटलं. मला रडू यायला लागलं होतं. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये सगळं शिकवलं होतं, न बसणाऱ्या बाईला बसवायचं कसं तेवढं नव्हतं.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि कांद्याचा एक टेम्पो वळून थेट आमच्या अंगणात शिरला. मागचा फाळका पडला. आधी घंगाळ उतरलं, मग कांद्याचं पोतं, मग वळकट्या, मग आत्या. तिच्या मागे तिच्या भजनी मंडळातल्या सात बायका, प्रत्येकीच्या पिशवीत टाळ, आणि एकीच्या छातीशी कापडात गुंडाळलेला वीणा. एवढ्या जणी त्या टेम्पोत मावल्या कशा, हे चांदवड तालुक्याला अजून उलगडलेलं नाही.

"रामकृष्ण हरी," आत्या म्हणाली. "मांडव कुठं हाय?"

मी उभी. आई बाजेसमोर उभी, अर्धं तोंड मातीनं माखलेलं, कपाळाला काकडीची चकती चिकटलेली. आत्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वहिनी, तोंडाला काय झालं?"

"पोरीनं माखलंय, वन्सं. या, बसा तुम्ही. चहा ठिवते." आणि आई निघाली. आठ पाहुण्या दारात म्हटल्यावर आईचा आराम संपला हे सांगायला ज्योतिषी नको होता. लेपासाठी ठेवलेली द्राक्षं तिनं धुऊन परातीत घालून बायकांपुढे ठेवलीसुद्धा. माझा फेसपॅक चांदवडच्या भजनी मंडळानं बिया थुंकत खाल्ला.

मी आत्याला गोठ्याच्या आडोशाला नेलं आणि सगळं सांगितलं. स्पा म्हणजे काय, हात, कुंकू, मावशीचं ते पाणी, सगळं. आत्यानं ऐकून घेतलं. ती बाई भल्याभल्यांना पुरून उरलेली होती. माझ्यात जे काही लबाड आहे ते तिच्याकडून आलंय, अण्णांकडून फक्त नाक.

"म्हंजी सप्ता नाय?"

"नाही गं."

"अन् मी सात जणी कामं सोडवून आणल्या." तिनं जरा विचार केला. "बाजेवर बसवलं तर उठती म्हणतीस?"

"उठतेच."

"मग बाजेवर कशाला बसवायची?" असं म्हणून ती परत अंगणात आली आणि आवाज चढवून म्हणाली, "वहिनी, चहा राहू दे. सप्ता लावायचाय. पहिला पहारा तुझा."

ज्यांच्याकडे सप्ता झालेला नाही त्यांना पहारा कळायचा नाही. सप्ता म्हणजे सात दिवस अखंड नामाचा गजर. वीणा खाली ठेवायचा नाही, एकानंतर एक पाळीनं पहारा करायचा, आणि ज्याचा पहारा असेल त्यानं जागचं हलायचं नाही. घर पेटलं तरी नाही. आमच्या आईनं आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल, पण ह्या नियमापुढे ती गरीब गाय होती.

"वन्सं, पण माझ्या घरी सप्ता कुणी बोलला?" ती गोंधळली.

"मी बोलले. पोरीचं लग्न ठरलं तर सात दिवस नाव घेईन म्हणून. तुझ्या घरी घ्यायचं नाय तर कुठं घ्यायचं?"

हे आत्या त्या क्षणी बोलली, म्हणजे नवस झालाच. खोटं म्हणता येणार नाही. वीणा मंडळातल्या एकीनं गळ्यात घातला. आईला पाटावर बसवलं, पुढे घंगाळ. आत्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "यजमानणीचा पहारा पाण्यापाशी असतो. हात घंगाळात घालायचे, नाव घ्यायचं. हात काढला, पहारा मोडला."

मी चाळीस गावांचे सप्ते पाहिले आहेत. असा नियम एकाही ठिकाणी नाही. चाळीस नसतील, चार असतील, पण नियम नाही हे नक्की.

टाळ सुरू झाले. आईनं हात पाण्यात घातले. दूधवाला, कोंबडी, चूल, सगळ्यांनी हाक मारून पाहिली. आई उठली नाही. तिचे ओठ हलत होते. मग हळूहळू खांदे खाली आले. एवढ्या वर्षांत आईचे खांदे इतके वर चढलेले असतात हे मला माहीतच नव्हतं, ते खाली आले तेव्हा कळलं. मी तिच्या टाचा वजरीनं घासल्या, आमसुलाचं तेल कोमट करून लावलं. एक म्हातारी बाई टाळ बाजूला ठेवून आपणहून तिचे खांदे रगडायला लागली, अगदी खांदेमळणीसारखे. आईचे डोळे मिटले. तासाभरानं गजर थांबला तरी तिचे हात पाण्यातच होते.

"झाला पहारा, वहिनी. काढ हात."

"असू द्या अजून थोडा," आई म्हणाली.

मी सांगताना सातही जणी सात दिवस राहिल्या असं सांगते. खरं तर पाच जणी मंगळवारच्या एसटीनं कांद्याकडे परत गेल्या. आत्या, वीणेवाली आणि ती म्हातारी राहिल्या. पण रोज दुपारी, उन्हात, घंगाळ भरायचं, टाळ वाजायचे आणि आई पाटावर बसायची. बायकांचा सप्ता आहे, दुपारचा तास पुरे, असा दुसरा नियमही आत्यानं काढला होता. वावरातल्या शेजारणी गजर ऐकून यायच्या. घंगाळात हात घालू का विचारायच्या. चौथ्या दिवशी रांग लागली. मी पाणी बदलत होते, तेल लावत होते, अंगठ्याची नखं कापत होते. माझं पार्लर त्या अंगणात सुरू झालं असं मी मानते.

शनिवारी मी आईचे हात उजेडात धरून पाहिले. भेगा जरा भरल्या होत्या, पण होत्याच. नख काळंच. वास तर मुळीच हलला नव्हता. माझ्या कोर्सनं हात टेकले.

"बघ," आई म्हणाली, "काकूला सांगून ठिव उद्याचं."

आत्या भिंतीला टेकून कांदे चिरत होती, तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "काकूला कसं सांगणार? उद्या काला हाय, सप्त्याचा शेवट. सप्ता ज्या घरी असतो त्या घरची यजमानीण काल्याला पुढंच बसती. मागं बसली तर सात दिवस वाया."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मला आजही वाटतं की तिला सगळं पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "नियम हाय म्हटल्यावर."

रविवारी अंगणात मांडव. आईनं हिरवी साडी नेसली आणि पुढच्या सतरंजीवर बसली, हात मांडीवर, उघडे. पदरात नाही. उजव्या बाजूला आत्या, तिच्या पिशवीत टाळ. मुलाकडची मंडळी येऊन बसली. ऊन कडक होतं. मावशीनं पदरानं वारा घेत सवयीनं म्हटलं, "बाई, पाणी मिळेल का जरा?"

आई अर्धी उठली. तशीच, फोटोतल्यासारखी. आत्यानं पिशवीत हात घातला आणि टाळ एकदाच, हलकेच वाजवला.

आई परत बसली. "पाणी आतून येईल, ताई," ती म्हणाली. "मला उठता येत नाय. माझा पहारा हाय." मग जरा थांबून, अगदी साध्या आवाजात, "मी मुलीची आई."

मावशीचं तोंड उघडं राहिलं ते मी पाटावरून पाहिलं, आणि त्या दिवशीचा सगळ्यात आवडता दागिना माझ्यासाठी तोच. पहारा म्हणजे काय हे त्यांच्यातल्या कुणाला कळलं नाही, पण विचारायचं धाडसही कुणी केलं नाही. आईनं करंडा उघडला. विहीणबाई पुढे झाल्या. आईनं त्या काळ्या नखाच्या हातानं त्यांना हळद लावली, कुंकू लावलं. विहीणबाईंनी तो हात तसाच धरला, नाकाशी नेल्यासारखा केला.

"झेंडू?"

"कलकत्ता जातीचा," आई म्हणाली. "बांधाला अष्टर पण लावलाय यंदा. दसऱ्याला या, हातानं तोडून न्या."

आणि दोघी फुलांवर जे बोलत बसल्या ते अंगठी घालायची वेळ टळून चालली तरी उठेनात. शेवटी आत्यालाच पुन्हा टाळ वाजवावा लागला.

मावशीला कुंकू लावताना आईनं टिकली जरा मोठी लावली. रुपयाएवढी. मला तर थाळीएवढी आठवते.

ते घंगाळ आत्यानं पुढे मलाच दिलं. आता गंगापूर रोडवर गल्लोगल्ली स्पा निघालेत, माझंही पार्लर आहे, आणि त्यात मऊ खुर्च्या, सुगंधी मेणबत्त्या सगळं आहे. पण रविवारी दुपारी मी घरी घंगाळ भरते, मीठ टाकते, पाय सोडून बसते. फोन वाजला तर नवरा उचलतो. सासूबाईंचा असला तरी त्यांना एकच सांगतो, आणि त्याही पुढे काही विचारत नाहीत.

"नंतर करा, आई. तिचा पहारा आहे."